देवदाराचं निमित्त

जपानातल्या योशिनोच्या डोंगरातले निम्मे देवदार हेइसाकूच्या बापानं लावले, निम्मे खुद्द हेइसाकूनं. फेब्रुवारी संपता संपता त्याच झाडांचा पिवळा पराग उडायचा आणि म्हाताऱ्याचे नाक-डोळे दोन महिने वाहत राहायचे. एरवी वर्षभर नाक चोंदलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

पण खरं सांगायचं तर गेली सहा वर्षं त्याला त्याचं फारसं दुःख नव्हतं. बायको त्सुनेयो मार्चमध्येच गेली. त्या गावात बाप्या माणसानं चारचौघांत रडायचं नसतं, बायको गेली तरी. हेइसाकू मात्र मार्चभर राजरोस रडायचा. लोक म्हणायचे, "पराग बाधला बिचाऱ्याला." वर्षाचं रडणं तो तेवढ्यात उरकून घ्यायचा.

डिसेंबरात ओसाकाहून मुलगी मिझुए आली. "बाबा, लेझरनं नाक आतून भाजतात. पंधरा मिनिटांचं काम. पराग सुटायच्या आत करायला हवं."

"सत्तरी उलटल्यावर नवं नाक कशाला? लग्न जमवतेस का माझं?"

"फोनवर तुमची ती धाप ऐकवत नाही मला."

हेइसाकूला खरं कारण सांगायची सोय नव्हती; तो मुलीबरोबर दवाखान्यात गेला. डॉक्टरनं बधिर करणाऱ्या औषधाचे बोळे नाकात कोंबले, केस जळल्यासारखा वास आला आणि झालं. पंधरा दिवस खपल्या पडत होत्या.

मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात, तेव्हा सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातं. डोंगर परागानं धुरकटला होता. हेइसाकूचं नाक ठणठणीत कोरडं, नाकाबरोबर डोळ्यांचं पाणीही थांबलेलं. शेजारचा तोराओ मास्कमधून शिंकत म्हणाला, "दादा, सुटलास रे तू!"

हेइसाकूला यंदा आडोसाच नव्हता. ओठ आवळून त्यानं त्सुनेयोच्या थडग्यावर पाणी घातलं. ओसाकाहून आलेल्या मिझुएनं आईच्या आवडीची उदबत्ती शोधून आणली होती, ती लावली. असाच वास त्सुनेयोच्या कपड्यांच्या पेटीला यायचा. किती वर्षांनी तो त्याच्या नाकात शिरला आणि म्हाताऱ्याचा बांध फुटला.

तोराओ टकमक बघत राहिला. मिझुएनंही पाहिलं. नाक कोरडं, नुसते डोळे वाहताहेत. सहा वर्षांचे मार्च तिला एकदम कळले. ती तोराओकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "बघा ना काका, लेझर फुकट गेलं. डॉक्टर काही कामाचा नाही."

आणि पर्समधला मास्क काढून तिनं बाबांच्या तोंडावर चढवला.

"फुकटच गेलं," हेइसाकू म्हणाला, आणि मास्कआड पोटभर रडला.