शहाण्णवभोवतीचा गोल

थोरलीच्या पोटात दुखायचं, खोटं कशाला सांगा! घरात दोघी जावा, आणि नशीब बघा, नोकरीही एकाच दवाखान्यात, एकाच कॉम्प्युटरच्या खोलीत. थोरली पंधरा वर्षांची जुनी, धाकटीला येऊन जेमतेम दोन वर्षं. घरी सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता धाकटीचं नाव. इथं साहेबही तिचंच कौतुक करायला लागले, तर माणसानं जावं कुठं?

थोरलीनं केलेला तक्ता भिंतीवर होता. घराला जसा नंबर लागतो, तसा नेटवर्कवर प्रत्येक मशिनला लागतो. असे दोनशे छप्पन्न नंबर तिनं आठ विभागांना सारखे वाटले होते, प्रत्येकी बत्तीस. डोळे मिटून सांगता यावं इतकं सोपं. पण ग्रंथालयात मशिनं तीन आणि नंबर बत्तीस, तर स्कॅन विभागात मशिनं झाली चव्वेचाळीस. तिथं नंबर पुरेनात.

"ताई, सगळ्यांना सारखं कशाला?" धाकटी म्हणाली. "ज्याला जेवढं लागतं तेवढं देऊ. नंबरांचे तुकडे आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असेच पडतात, म्हणून स्कॅनला चौसष्टचा तुकडा, ग्रंथालयाला आठचा."

"सारखं वाटलं की भांडणं होत नाहीत," थोरलीनं तोडून टाकलं.

साहेबांना मात्र धाकटीचं पटलं. "रविवारी बदलून टाका. नीट चाललं, तर नव्या इमारतीच्या नेटवर्कप्रमुखाची जागा तुम्हाला." त्या जागेवर थोरली सहा वर्षं डोळे लावून बसली होती. आयत्या बिळावर नागोबा! तिच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

शुक्रवारी धाकटीनं आपला कागद तिच्यापुढे ठेवला. "एकदा नजर घाला ना, ताई. तुम्ही बघितल्याशिवाय मला धीर होत नाही."

थोरली पेन्सिल घेऊन, सवयीनं एकेका आकड्यापाशी टिंब देत खाली आली आणि शहाण्णवपाशी थांबली. औषध विभाग चौसष्ट ते पंच्याण्णव, आणि लगेच शहाण्णवपासून स्कॅनचा चौसष्टचा तुकडा. दिसायला कसं सलग! पण चौसष्टचा तुकडा वाटेल तिथून सुरू होत नाही. शून्य, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव, बस्स, एवढ्याच जागा. शहाण्णवला धरला, तर तो मागे चौसष्टपासूनच धरला जाणार, औषधवाल्यांच्या हद्दीत घुसणार आणि एकशे अठ्ठावीसपासून पुढची मशिनं बाहेर लोंबकळणार. तिचा हात आपसूक फिरला आणि शहाण्णवभोवती गोल झाला. मग तिनं घाईघाईनं तो खोडला.

"ठीक आहे गं," ती म्हणाली, आणि कागद परत सरकवला.

सोमवारी सकाळी स्कॅनचे रिपोर्ट अडकले. बाकांवर म्हातारी माणसं दोन-दोन तास ताटकळली. साहेब तापले, धाकटी रडकुंडीला आली. थोरलीनं बाह्या सरसावल्या, स्कॅनचा तुकडा एकशे अठ्ठावीसवर नेला, तिथले बारके तुकडे मागच्या मोकळ्या जागेत सरकवले. अर्ध्या तासात सगळं सुरळीत!

"अनुभव तो अनुभव!" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "नवी इमारत तुमच्याकडे." मग धाकटीकडे वळले. "आणि हो, हा कागद आधी यांना दाखवायला काय झालं होतं?"

थोरली पटकन कॉम्प्युटरकडे वळली.

"नाही दाखवला, साहेब," धाकटी म्हणाली. "माझीच चूक."

दोघी खोलीत परतल्या. धाकटीनं कागद खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. थोरलीनं खोडलं होतं खरं, पण पेन्सिल इतकी दाबून फिरली होती, की शहाण्णवभोवतीचा गोल उजेडात स्वच्छ दिसत होता. धाकटीनं तो पाहिला होता. सगळं ठाऊक असूनच तिनं साहेबांसमोर दोष आपल्यावर घेतला होता.

"ताई, संध्याकाळी बरोबरच निघायचं ना घरी?" तिनं एवढंच विचारलं.

मेली इथंही वरचढ ठरली! जागा मिळाली होती, कौतुकही झालं होतं, आणि तरी थोरलीला धाकटीचा इतका हेवा आजवर कधीच वाटला नव्हता.