पिवळ्या गाडीतले बदल

गाडीत एक बदल केला की चार किस्से तयार होतात, अन् मी तर त्या गाडीचा एक नट जागेवर ठेवला न्हाई! पूर्वी हे किस्से सांगायला सलीमभाईचं गॅरेज होतं. आता मुलीचं कॉलेज संभाजीनगरला, म्हणून बायकोनं शाळेची बदलीही तिकडंच करून घेतली. मी इथंच जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत. मेसचा डबा उघडतो, एखादा किस्सा आठवतो, एकटाच हसतो. तवर भाजी थंड. म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

गाडी पिवळी, दोन दरवाज्यांची स्पोर्ट्स कार. पुण्याहून सेकंडहँड आणल्ती. होती तशी झकास होती. हे मला आता कळतं!

*

पहिला बदल म्हणजे गाडी खाली बसवली. स्प्रिंगा बदलून गाडी इतकी खाली आणली की सलीमभाई म्हणला, "साहेब, पहिले जालन्याचे रोड पहा, मंग गाडी पहा!"

ऐकतो कोण? स्पीडब्रेकर आला की गाडीचं पोट घासायचं. माझा दोस्त गजानन बँकेत होता, ऑफिसला आम्ही संगंच जायचो. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो उतरायचा, गाडी हलकी झाली की मी तिरपी काढायचो, तो परत बसायचा. टाय लावलेला माणूस, रोज सात वेळा उतरायचा!

एक दिवस चौथ्या स्पीडब्रेकरला उतरला तो बसलाच न्हाई. "तू हो पुढं," म्हणला, "मला आज जल्दी आहे."

अन् चालत निघून गेला. मी स्टेशनजवळ पोचलो तर हा माझ्या आधी तिथं चहा पिऊन राह्यला!

*

मंग सायलेन्सर बदलला. आवाज असा की शेजारच्या घरातलं तान्हं लेकरू दचकून उठायचं. त्याची आई दारात येऊन नुसती माझ्याकडं पाहायची. ते पाहणं मला सहन होईना. म्हणून मी रोज सकाळी गाडी न्यूट्रलमधी टाकून कॉलनीच्या गेटपर्यंत ढकलत न्यायचो अन् बाहेर गेल्यावर चालू करायचो.

समोर एक रिटायर्ड हेडमास्तर राहायचे. महिनाभर त्यांनी हे गॅलरीतून पाहिलं. शेवटी खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"फसवलं ना तुम्हाला पुण्यावाल्यांनी?"

खरं सांगायची लाज वाटली. मी "हो सर" म्हणलो. दुसऱ्या दिवसापासून ते संग ढकलायला लागले!

*

वाटूरला सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या, मावसबहिणीचं लग्न होतं. गाडीत तेव्हा नवीन रेसिंग सीट बसवल्त्या, खोल, दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या. सुनंदा पैठणी नेसून बसली खरी, पण मांडवासमोर उतरायची वेळ आली अन् ती निघेचना! दोघी जणी आल्या, एकीनं हात धरला, दुसरीनं दंड. मागून कुणीतरी ओरडलं, "बँड थांबवा, आधी पाव्हणीला काढा!"

अख्खा मांडव हसला. सुनंदाही हसली. मीही हसलो, जरा जास्तच हसलो.

परतीला ती भावाच्या जीपमधी बसली. मी काच खाली करून विचारलं, "रागावलीस का?"

"राग बिलकुल न्हाई," ती म्हणली, "पण तुम्ही हसत होता तेव्हा मला बाहेर काढणारं दुसरंच कोणी होतं."

जीपच्या मागं मी एकटा जालन्यापर्यंत आलो. गाडी पुढं काढायची हिंमत झाली न्हाई.

*

आमचं शेत धावड्याकडं. आई गेल्यापासून अण्णा तिथं एकटेच. गावच्या रस्त्यावर एक ओढा आडवा जातो, तो ही गाडी ओलांडूच शकत न्हाई. म्हणून मी मेन रोडवर थांबायचो, फोन करायचो, अन् अण्णा मोटारसायकलवर मला भेटायला यायचे. सत्तरीचा माणूस! लिंबाखाली अर्धा तास बसायचो, ते पिशवीत आणलेल्या शेंगा द्यायचे, झाली भेट.

एकदा गाडीभोवती गोल फिरून त्यांनी विचारलं, "कितीनं पळती रे ही?"

मी ऐटीत म्हणलो, "दोनशेच्या वर, अण्णा!"

त्यांनी उपरण्यानं बॉनेटवरची धूळ पुसली. "मंग दिवाळीपासून इथवर यायला तुला उन्हाळा काऊन लागला?"

*

गजाननची नागपूरला बदली झाली, गॅरेजातली आमची बैठक मोडली, अन् मी गाडी विकायला काढली. घेणारा नांदेडचा डॉक्टर. गाडी चालवली, उतरला, म्हणला, "ओरिजिनल पार्ट लावून द्या, तशीच्या तशी पाहिजे मला."

मी सलीमभाईकडं पाहिलं. काढलेलं सगळं त्याच्याकडंच तर ठेवल्तं.

"साहेब, किती वर्षं सांभाळू? भंगारात दिलं. भंगारवाल्यानं स्टीलच्या कारखान्यात घातलं असंल, वितळून सळया झाल्या असतील." मंग माझा चेहरा पाहून त्याला वाईट वाटलं. "अच्छा समजा ना. कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमधी असतील तुमच्या स्प्रिंगा. कुणाचं तरी घर उभं हाय त्याच्यावर!"

डॉक्टर गेला. गाडी अजून माझ्याकडंच आहे.

*

आता एकच किस्सा राह्यला. हा झाला तेव्हा सलीमभाई तिथंच होता, तरी आम्ही दोघांनी तो पुन्हा कधी काढला न्हाई.

माझी लेक गौरी तेव्हा चौथीत होती. रविवारी दुपारी हट्टानं माझ्यासंग गॅरेजला आल्ती. गाडीला मागं एक बारकी सीट होती, तिचीच ती. सलीमभाईनं बोल्ट खोलले अन् सीट उचलून भिंतीला टेकवून ठेवली. गौरी जाऊन तिच्यावर बसली.

"ही काऊन काढली, पप्पा?"

"वजन कमी केलं की गाडी जोरात पळती, बेटा."

"किती कमी झालं?"

"अठरा किलो!" मी म्हणलो. मी लई खुश होतो त्या दिवशी.

ती पाय हलवत बसल्ती. पाय हलायचे थांबले. हळूच म्हणली,

"मी तर अठ्ठावीस किलोची आहे, पप्पा."