मिरचीच्या रानातल्या चिंध्या

"वरनं समदं गोजिरंच दिसतंय की!" असं म्हणत मावशी मिरचीचं पान अंगठ्यानं उलटं करायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. पानाच्या पाठीला मावा, रस शोषणारी बारीक कीड, चिकटलेला असायचा. तुम्हीआम्ही रान बघतो ते वरवरच, नाही का? मी तर कृषी पदविकावाला, खांद्याला तपासणीच्या पट्ट्यांची बॅग. पण मावा आधी दिसायचा तो तिलाच. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू?

सांगोल्याजवळच्या त्या रानात मालकांनी डाळिंब काढून मिरची लावली होती. दोन महिन्यांत पानं चितकबरी होऊन आकसायला लागली. माव्यातून पसरणारा विषाणू. तो कुठून येतोय हे सापडलं नाही, तर मालक सगळं रान नांगरून टाकणार होते आणि खुरपणी-तोडणीच्या बारा बायकांचं काम जाणार होतं. मावशी त्या बायकांची मुकादम. राहायची रानातच, बांधावरच्या खोलीत.

रोगट झाड आम्ही उपटायचो आणि मी मोबाईलवर नोंद करायचो. मावशीला ते पुरेना. उपटलेल्या जागी ती काठी रोवायची आणि जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. पहिल्या सोमवारी तांबडी, दुसऱ्या सोमवारी पिवळी, मग हिरवी, मग निळी.

"मावशी, रानाची जत्रा केलीत की! मोबाईलात आहे सगळं."

"मोबाईल तुमच्या खिशात. रान हितं हाय."

चौथ्या सोमवारी आम्ही शेततळ्याच्या भरावावर चढलो. अहो, बघतो तर काय! निळ्या चिंध्या लांबवर विखुरलेल्या, हिरव्या त्यांच्या अलीकडे, पिवळ्या आणखी अलीकडे, आणि तांबड्यांचा सगळा घोळका मावशीच्या खोलीपाशी.

म्हणजे रोग निघाला होता तो तिथूनच. खोलीच्या दाराशी तिची आठ झाडं होती. जेऊरच्या माहेरची मिरची, आईनं दिलेलं बी ती दरसाल लावत आलेली. त्याच मिरचीचा ठेचा मी रोज दुपारी भाकरीबरोबर खायचो. शपथेवर सांगतो, सगळं रान तपासलं, पण ती झाडं तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खाल्ल्या ठेच्याला जागलो म्हणा!

मावशीच खाली उतरली. दारातल्या झाडाचं पान तिनं उलटं केलं, बराच वेळ बघितलं. "लावा तुमची पट्टी."

पट्टीवर दोन रेघा उमटल्या. म्हणजे रोग होता.

आठही झाडं तिनं स्वतः उपटली आणि खड्ड्यात पुरली. मला हात लावू दिला नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आईचं बियाणं गेलंच म्हणायचं का वो?"

"नाही मावशी. हा माव्यानं पसरतो, बियांतून नाही."

तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दारावर वाळत टांगलेल्या मिरच्या काढून तिनं माझ्या ओंजळीत ओतल्या.

त्यानंतर दर सोमवारी चिंध्या कमी होत गेल्या. रान वाचलं. बारा बायका आजही तिथं तोडणीला येतात.

मावशी मात्र आता कुर्डुवाडीला असते, रेल्वेतल्या लेकाकडे. निघताना उरलेल्या चिंध्यांचं गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं. "ह्यातली एकबी लागू नये, येवढं बगा."

यंदा तिच्या बियांची रोपं मी जाळीखाली वाढवली, एकेक तपासली. प्रत्येक पट्टीवर एकच रेघ. तिच्या जुन्या खोलीच्या दाराशी लावलेली ती ओळ आता मिरच्यांनी तांबडी झालीय, लई गोजिरी दिसते. तरी मी रोज पान उलटं करतो. पाठ स्वच्छ असते. गाठोडं तिथंच खुंटीला टांगलंय. त्याची गाठ अजून सोडावी लागलेली नाही.