दगडाची घरची बाजू

कादरभाईंच्या दुकानात बसलं की कपड्यांवर दगडाची भुकटी साचते. किस्सेही तसेच. आपण गोळा करायला जात नाही. घरी येऊन सदरा झटकला की कळतं, आज किती जमले ते.

कादरभाई बुलढाण्यात कबरीचे, समाधीचे दगड घडवतात. आपल्याकडचा सैनिक कामी आला आणि त्याच्या घरी पुरण्याची रीत असली, तर दगड बहुधा त्यांच्याकडे येतो. समोरची बाजू सरकारी: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारखा. हा मजकूर जिल्ह्याच्या सैनिक ऑफिसातून येतो. मागची बाजू घरची. तिथं काय लिहावं हे घरच्यांना सुचत नाही, म्हणून कादरभाई त्यांना माझ्याकडे धाडतात. मी कॉलेजात मराठी शिकवतो. आणि माझा मुलगा प्रशांतही असाच, वडनेर भोलजीला आमच्या शेतात आहे.

त्याचा दगड मात्र दीड वर्ष दुकानातच होता. समोरची बाजू तयार, मागची कोरी. उभ्या दगडावर छिन्नी नीट चालत नाही, म्हणून मागचं ठरल्याशिवाय तो हलवता येईना. कादरभाईंनी त्यावर पोतं टाकलं होतं. कुणी टेकायला लागलं की म्हणायचे, "तिथं नोको बसू बावा, सरांचा पोरगा आहे तो."

* * *

हिवरा आश्रमाकडच्या एक गोसावी बाई आल्या. मुलानं फोनवर सांगितलं होतं, आई, मी लान्स नायक होणार. ऑर्डर निघायच्या आत तो गेला. समोर 'शिपाई' आलं. बाईंनी मागे मोठ्या अक्षरात 'लान्स नायक' कोरून घेतलं. मी एक ओळ लिहून नेली होती, ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

दगड बसल्यावर ऑफिसचे साहेब पाहणीला गेले. हे साहेब कडक. एका हातात टेप, दुसऱ्या हातात वही. त्यांनी मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "हे कोणाच्या ऑर्डरनं?"

बाई म्हणाल्या, "माह्या."

साहेबांनी वही मिटली.

* * *

दुसरे एक टेलरकाम करणारे चाचा. मुलगा पावणेसहा फूट. घरात शिरताना चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकायचा. सरकारी नियमाप्रमाणे दगड जमिनीपासून तीन फूट. चाचांना ते पटेना. सगळी हयात मापं घेण्यात गेलेली! ते एकच म्हणत राहिले, माझा मुलगा तीन फुटी नव्हता.

कादरभाईंनी पावणेसहा फुटांचा दगड घडवला. साहेबांनी टेप लावला, तीन फूट भरला, 'बरोबर' असा शेरा मारला. उरलेला पावणेतीन फूट जमिनीत आहे. चाचांचं समाधान झालं. ते म्हणाले, "वाकूनच उभा आहे म्हणायचा."

* * *

जन्मतारखेचा घोळ तर ठरलेला. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून टाकायचे. माझीही तीच आहे. एका आजीबाईंच्या नातवाच्या दगडावर समोर एक जून आलं. आजी चिडल्या. नातू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालेला, बैल अजून रंगलेले होते, त्यांना सगळं आठवत होतं. मी समजावलं, कागदावर हीच तारीख आहे. आजी म्हणाल्या, "एक जूनले तं आमच्या गावची अर्धी शाळा पैदा झाली. मंग बाकीचे सारे याचेच जुळे का?"

मागे 'जन्म: पोळ्याची कर' असं कोरलं.

* * *

आता माझी फजिती. एका वडिलांसाठी मी चार ओळी लिहिल्या. शौर्य, त्याग, मातृभूमी, सगळं जमवलं. त्यांनी त्या दोनदा वाचून घेतल्या आणि म्हणाले, "मोठा चांगला माणूस दिसते हा, सर. कोण होता?"

त्या दिवशी घरी येऊन मी प्रशांतसाठी लिहिलेले अकरा कागद काढले. सुशीलानं, माझ्या बायकोनं, प्रत्येक कागद वाचून घडी करून परत दिला होता. का ते मला तेव्हा कळलं.

* * *

मग एकदा ती स्वतःच दुकानात आली, पहिल्यांदाच. पोतं बाजूला केलं, समोरची बाजू बोटानं वाचली. कादरभाई म्हणाले, "सांगा वहिनी."

प्रशांतची एक खोड होती. शेताचं फाटक तो कधी लावायचा नाही. शेळ्या शिरायच्या, सुशीलाच्या मिरच्या खायच्या, आणि ती धुऱ्यावरून ओरडायची, "फाटक लाव बे!" सुटीवर यायचा तेव्हाही तेच.

सुशीलानं तीन शब्द सांगितले. कादरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कोरा.

दगड बसला. साहेब पाहणीला आले. टेप लावला, नंबर, हुद्दा, नाव ताडून पाहिलं. मग मागे गेले. तिथं लिहिलं होतं, 'फाटक लावू नका'. मी उत्तर जुळवत होतो. सुशीला मिरच्या तोडत होती, तिनं मान वर केली नाही.

साहेब वही मिटून निघाले. फाटकातून बाहेर पडल्यावर त्यांचा ड्रायव्हर सवयीनं मागे वळला आणि कडी लावायला लागला.

साहेब म्हणाले, "राहू दे. ऑर्डर आहे."