पुरावा म्हणून नेलेलं स्टूल

"सूरजागडचा डोंगर लोखंडाचा, आणि आमच्या गाडीत एक लोखंडी शिडी नाही!" हे वाक्य माझं. पत्रकावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात. आमच्या रेल्वे प्रवासी समितीच्या पोरांनी त्याची घोषणा केली, एटापल्लीपर्यंत ते मोबाइलवर फिरलं, आणि मी कितीतरी दिवस छाती काढून हिंडलो. वाक्य आजही खरं आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण आता ते वाचलं की मला मोठीमाय दिसते. खडीवर उभी, हात वर करून डब्याची दांडी चाचपडणारी.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सावली तालुक्यात आमचं धानाचं गाव. रोवणीत वाकून वाकून तिचे गुडघे गेले, आणि साखरेनं उजवा डोळा नेला. डावा टिकवायचा तर दर महिन्याला गोंदियाला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं. चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बसनं जायचं तर गाड्या बदलाव्या लागतात, उभं राहावं लागतं, ते तिच्यानं होत नाही. उरते ती लांब पल्ल्याची एक गाडी. आमच्या जंगलालगतच्या स्टेशनात ती जेमतेम थांबते आणि निघते.

त्या गाडीची अवस्था काय सांगू! फलाट आखूड आणि बुटका, जनरलचा डबा फलाटाच्या पुढं खडीवर येतो. सगळ्यात खालची पायरी माझ्यासारख्याच्याही मांडीला लागते. अडचणीच्या वेळेसाठी गाडीत शिडी असायला हवी, ती नाही. टीसी एसीच्या डब्यातून हलत नाही. वाटेत पाणी भरायला माणूस नाही, म्हणून संडास कोरडे. पूर्वी डब्याडब्याला सफाईवाला असायचा म्हणतात. आता ठेकेदाराचा एकच माणूस अर्धी गाडी झाडतो. ते आमचे चाचा, बल्लारपूरचे.

चाचांचं घराणं सुतारकामातलं. लोक खडीवर धडपडतात हे रोज बघून त्यांनी फळांच्या पेटीच्या फळ्या आणि जुन्या बर्थचं प्लायवूड ठोकून एक स्टूल बनवलं होतं. त्याला दोरी बांधलेली. स्टेशन आलं की दारातून स्टूल खाली सोडायचं, माणसं चढली की दोरीनं वर ओढून घ्यायचं. एरवी ते संडासाच्या बाजूला उभं असायचं. मोठीमाय त्या दारासमोरच जाऊन थांबायची. चाचा वरून ओरडायचे, "चलो बाई, विमान लागलं तुमचं!" आणि ती म्हणायची, "हवाई सुंदरी कुठी हाये मंग? दाढीवालाच दिसून राह्यला."

आम्ही समितीवाले रेल्वेच्या मोठ्या ऑफिसात साहेबांना भेटायला निघालो, ते त्याच गाडीनं. निवेदनं आम्ही आधीही दिली होती, ती कुठे जातात देव जाणे. यावेळी मला काहीतरी दणका द्यायचा होता. माझी नजर त्या स्टुलावर गेली.

"चाचा, हे आम्ही नेतो. साहेबाच्या टेबलावर ठेवतो. बघू दे त्याला."

"अरे भाऊ, फोटो काढून घे ना. उठाके काऊन नेऊन राह्यला?"

"फोटोला साहेब भीत नाही, चाचा."

"मंग परत कवा देशीन?"

"येतानाच आणतो ना!"

स्टूल खाली सोडायला चाचांनी मदतच केली आम्हाला.

साहेबांच्या काचेच्या टेबलावर मी ते आदळलं. वर्तमानपत्रवाला होताच. मी स्टुलावर हात ठेवून बोट रोखलेलं, मागे साहेब, असा झकास फोटो निघाला. साहेबांनी स्टूल उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाले, "चालत्या गाडीत ही असली वस्तू कुणी ठेवली? यावरून कुणी पडलं असतं तर?" शिड्यांची मागणी वर कळवतो, म्हणाले. आम्हाला चहा पाजला. निघताना मी स्टुलाला हात घातला तर शिपाई म्हणाला, ते राहू द्या, साहेबांनी सांगितलंय. मी भांडायला पाहिजे होतं. पण बाहेर वर्तमानपत्रवाला थांबला होता, आणि शिड्या येणार आहेत असं त्याला सांगायची मला घाई झाली होती.

शिड्या आल्या नाहीत. ठेकेदारानं चाचांना झापलं, पुन्हा डब्यात फळकूट दिसलं तर घरी बसशील म्हणाला. हे चाचांनीच मला सांगितलं, नंतर. तोवर मोठीमायची तारीख येऊन गेली होती. त्या दिवशी मी एका धरण्यावर होतो, मागणी अर्थातच कर्मचारी वाढवण्याची. ती शेजारणीबरोबर स्टेशनला गेली. गुडघा पायरीपर्यंत उचलेना. दोघं जण तिला उचलायला धावले तर तिनं त्यांचे हात झटकले. "मी का धानाचं पोतं आहो?" गाडी निघून गेली.

पुढच्या महिन्यात ती घरातून निघालीच नाही. मी म्हटलं, मी येतो, मी चढवतो. "नाई म्हटलं ना बाबू. लोकाईपुढं लुगडं आवरत टांगून घ्याले मी येत नाई." मी काळीपिवळी जीप ठरवून गोंदियापर्यंत नेऊ शकलो असतो का? असतो. तेव्हा सुचलं नाही असं मी लिहिणार होतो, पण सुचलं होतं. मला वाटलं, आणखी एका महिन्यानं काय होतंय. आणि आमच्या पुढच्या पत्रकासाठी 'म्हातारीचं इंजेक्शन चुकलं' हे एक चांगलं उदाहरण आहे, हेही वाटलं. ते मी लिहिलंसुद्धा. नाव न घालता.

मग एका सकाळी ती तांदूळ निवडत होती. खडे तांदळात राहत होते आणि तांदूळ बाहेर पडत होता. माझी आई तिच्याजवळ जाऊन बसली.

त्यानंतर ती यायला तयार झाली. मी खालून धरलं, चाचांनी वरून ओढलं. तिचा एक गुडघा पायरीवर घासला, पदर सुटला, खिडक्यांतून माणसं बघत होती. आत बसल्यावर ती बराच वेळ पदरच नीट करत राहिली. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "मोठीमाय, ते स्टूल मीच नेलं होतं."

"मालूम हाये."

"चाचांनी सांगितलं?"

"त्यानं कायले सांगावं? पेपरात तुया फोटो आला नव्हता का? साऱ्या मोहल्ल्याले दाखवला मी. स्टुलावर हात ठेवून उभा होता तू." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तवा दिसत होतं मले."

चाचा दारात उभे होते. त्यांनी झाडू उचलला आणि पुढच्या डब्यात गेले.

गोंदियाला डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवून तिला समोरची बोटं विचारली. ती चुकली, पुन्हा चुकली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते आता परत यायचं नाही, उरलंय ते राखू. चेहरे अंधुक दिसतील, वाट दिसेल. पण आता एकही महिना चुकवू नका. "कोण आणतं यांना?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"याच्या काय भरवशावर राहता, डॉक्टरसाहेब," मोठीमाय म्हणाली. "याच्या मिटिंगा रायतात." आणि माझा हात चाचपून धरत म्हणाली, "मोर्चा नसन तं येजो बाबू."

चाचा आता स्टूल ठेवत नाहीत आणि मी त्यांना ठेवा असं सांगूही शकत नाही. मी दुसरं बनवून घेतलं आहे. ते घरून घेऊन जातो, खडीवर ठेवतो, तिला चढवतो आणि गाडीत सोबत घेतो. चाचा त्या वेळी दुसरीकडे बघतात. इतर दारांसमोरचे म्हातारे आमच्याकडे बघत राहतात. तेवढ्या वेळात त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. प्रवाशाच्या घरच्या माणसानं रेल्वेचं काम फुकटात करावं, हे आमच्याच पत्रकानं धिक्कारलेलं आहे, आणि बरोबरच धिक्कारलं आहे.

परवा समितीच्या बैठकीत पुढच्या आंदोलनाची तारीख ठरत होती. ती मोठीमायच्या इंजेक्शनाच्या दिवशीच येत होती. मी म्हटलं, त्या दिवशी जमणार नाही, पुढे ढकला. पोरं हसली. एक म्हणाला, "काऊन भाऊ, साहेबाकडं चहाले बोलावलं का?" सगळे माझ्याकडे बघत होते. ते पत्रक, तो फोटो, ते 'म्हातारीचं इंजेक्शन', सगळं त्यांना पाठ होतं. ती म्हातारी माझी मोठीमाय, आणि स्टूल नेल्यानंच तिचं इंजेक्शन चुकलं, हे मला तिथेच सांगता आलं असतं.

घरचं काम आहे, असं सांगून मी मोकळा झालो.