पेपरमिंटच्या वासाने सापडलेली जोडणी

कान्ह आणि सरस्वती या दोन नद्यांच्या आधाराने इंदूर वाढले. गिरण्यांनी त्यांचे पाणी घेतले, घाटांवर पोहण्याच्या शर्यती रंगल्या. पुढे नर्मदा सत्तर किलोमीटरवरून चढवून आणली गेली, घरोघरी नळ आले, आणि कान्हच्या वाट्याला शहराचे सांडपाणी उरले. ते पुन्हा बाहेर काढण्यात ज्यांचे हात राबले, त्यांत प्रभावती खोब्रागडे आहेत. आजोबा महूच्या पलटणीत, वडील गिरणीच्या रंगखात्यात. त्या स्वतः एकतीस वर्षे मलनिःसारणाच्या कामात. नदीत उघडणारी नळी कोणत्या घरातून येते हे शोधून ती मुख्य वाहिनीला जोडून घेणे, हा त्यांचा व्यवसाय.

गेल्या मार्चमध्ये त्यांच्या पट्ट्यातली एकच नळी वाहती उरली होती. नदीत सांडपाणी येते का हे तपासणारी समिती तीन दिवसांनी येणार होती. नळी वाहताना दिसली, तर दीड किलोमीटरचा सगळा पट्टा नापास होणार होता, आणि महिनाअखेरीस बाई निवृत्त होणार होत्या.

एरवी घरांच्या चेंबरमध्ये रंग ओततात आणि तो नदीत कुठे उतरतो ते पाहतात. नाशिकहून नुकताच आलेला अभियंता वेदांत रंगाचा डबा घेऊन हजर झाला.

बाई म्हणाल्या, "अरे भिया, काल रंगपंचमीची गेर निघाली, मिरवणुकीत सगळं गाव रंगात भिजलं. आज अख्खं इंदूर अंग घासतंय. यातला तुमचा रंग कुठला, हे नदीला विचारणार का?"

त्यांनी त्याला सियागंजच्या बाजारात पिटाळले, पेपरमिंटचे तेल आणायला. रंगाऐवजी वासाने माग काढायची ही जुनी युक्ती त्यांच्या पहिल्या मुकादमाची. ओतणाऱ्याच्या हाताला वास राहतो, म्हणून हुंगणारा माणूस वेगळा लागतो. वेदांत वर गल्लीत गेला, बाई नळीच्या तोंडाशी बसल्या, मध्ये फोन.

"आला का वास?"

"गटाराचा भरपूर. तुमचा नाही. आगे बढो."

सहाव्या चेंबरनंतर त्या म्हणाल्या, "थांबा. आला. कुठे आहात?"

"पाण्याच्या टाकीमागच्या चाळीजवळ."



"त्या चाळीचं नदीत येणारं पाणी मीच बंद करून घेतलं होतं. दहा साल झाले. समोरची जोडणी बुजवली, मागची पाहिलीच नाही. 'बंद' म्हणून सही माझीच आहे."

"मग नोंदवहीत 'नवी गळती' लिहू या, प्रभावतीजी. जाता जाता नावाला बट्टा कशाला?"

"तसं लिहिलं तर पुढचा माणूस पण समोरच बघेल. माझी चूक म्हणून लिहा. आणि आडनाव पण टाका, इंदूरात प्रभावती बहुत आहेत."

दोन दिवसांत चाळ मुख्य वाहिनीला जोडली गेली. त्याच दोन दिवसांत बाईंनी दहा वर्षांपूर्वी 'बंद' म्हणून सही केलेल्या आपल्या उरलेल्या एकोणीस जागाही मागच्या बाजूने जाऊन पडताळल्या. समितीने नळीत काठी घातली; ती कोरडी बाहेर आली. मग नोंदवही चाळताना प्रमुखांनी विचारले, "या खोब्रागडे कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. "बाकीच्या एकोणीस जागाही बघून घ्या. चला, मागच्या बाजूने दाखवते."