आंबागडचा कॅमेरा

आज गुरुवार. सकाळी भाऊजींचं वर्षश्राद्ध झालं. बाराला पंगत बसली, तीनपर्यंत पाहुणे गेले.

रस्त्यात उभ्या असलेल्या धानाच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता म्हणून भाऊजी गेले, असं आजही सगळे बोलत होते.

ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं फक्त मला माहीत होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. तुमसरला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेत.

ते काम शिकले बारा फोटोंच्या रोलवर. दोन लेन्सचा, वरून खाली पाहायचा कॅमेरा. डिजिटल आलं तेव्हा तो विकला आणि मग कायम हळहळत राहिले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी कळलं की आंबागडला एका रिटायर्ड गुरुजींकडे तसाच कॅमेरा आहे. रविवारी मला मागे बसवून ते निघाले.

गुरुजींनी कॅमेरा फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला होता. ओल लागू नये म्हणून.

"गुरुजी, भात रांधाचा होता का याचा?" भाऊजी म्हणाले. गुरुजी हसले नाहीत.

मग भाऊजींनी तपासायला सुरुवात केली. आधी कानाजवळ धरून हलवला, आत काही सुटलंय का म्हणून. शटर एका सेकंदावर लावून कानाशी धरलं, मनात मोजलं. जुन्या कॅमेऱ्यात ते इथेच अडकतं. हे अडकलं नाही. लेन्समधली पाती उघडून पाहिली, त्यांवर तेल नव्हतं. मागचं झाकण उघडून खिडकीकडे धरलं. कुठून उजेड शिरत नव्हता.

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

शेवटी लेन्स. शटर उघडं धरायचं, समोरून मोबाईलचा टॉर्च मारायचा आणि मागून पाहायचं. काचेत बुरशी धरली असेल तर तेव्हा दिसते.

भाऊजींनी डावा डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं.

"फंगस आहे, गुरुजी. जाळं धरलं."

गुरुजींना राग आला. परवाच मुलाने नागपूरला दाखवून आणला होता, असं ते म्हणाले. त्यांच्या मिसेस चहा घेऊन दारातच थांबल्या.

भाऊजींनी पुन्हा डोळ्याला लावला आणि कॅमेरा हळूहळू फिरवला.

हे त्यांनीच मला शिकवलं होतं. डाग दिसला की कॅमेरा फिरवायचा. डाग सोबत फिरला तर तो काचेत. नाही फिरला तर आपल्या डोळ्यात.

त्यांनी दोनदा फिरवला. मग डोळा चोळला.

कॅमेरा माझ्या हातात दिला. "तू पाह्य बरं. तुले काय दिसते?"

मी पाहिलं. काच साफ होती. धुळीचा एक कण, बस.

गुरुजी म्हणाले, "हो, तुम्हीच सांगा."

आमच्या घरी जावई आले की बाबा खुर्चीवरून उठायचे. परक्यासमोर जावयाचा शब्द खाली पाडायचा नाही, हे कोणी शिकवावं लागत नाही.

मी म्हणालो, "आहे. कोपऱ्यात आहे थोडी."

कोपराही मीच जोडला.

भाऊजींनी मोठा श्वास सोडला. हसून म्हणाले, "पाहा गुरुजी. साळा कधी जवायाच्या बाजूनं बोलते का? तोही म्हणून राहिला."

कॅमेरा तिथेच राहिला. चहा घेतला आणि निघालो.

गाडीवर ते खुशीत होते. म्हणाले, "मले वाटलं डोळाच गेला. शुगरच्या डॉक्टरनं पडद्याची तपासणी सांगतली होती. आता काय घाई आहे? सीझन झाल्यावर दाखवू."

मी मागे बसलो होतो. माझं तोंड त्यांच्या कानाजवळच होतं.

पुढे रस्त्यात एक बैलबंडी उभी होती. त्यांनी अगदी शेवटी ब्रेक मारला. मी सीट घट्ट धरली. थोड्या वेळाने शेळ्या आल्या, तेव्हाही तसंच.

तरी मी बोललो नाही. आता बोललो तर आधी खोटं बोललो हे कबूल करावं लागेल, म्हणून. उद्या सांगू, असं ठरवलं. मग दिवाळी आली, लग्नं लागली. दीड महिन्याने, एका लग्नाचं शूटिंग करून संध्याकाळी परत येताना ती ट्रॉली आली.

ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरंच आहे. डोळा चांगला असता तर ती दिसली असती की नाही, मला सांगता येत नाही.

ताईला सांगितल्याशिवाय इथे लिहायचं नव्हतं. आज पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात तिला सगळं सांगितलं. ती उरलेला भात काढून ठेवत होती. हात थांबले नाहीत.

"म्हणजे तुले माहीत होतं."

"हो."

"लोकांसमोर नाही बोलला, ठीक आहे. घरी येऊन मले काहून नाही सांगतलं? मी नेलं असतं त्यांना धरून."

भात झाकून ती आत जाऊन पडली. अजून उठलेली नाही.

ज्यांना शुगर आहे त्यांनी डोळ्याचा पडदा तपासून घ्या. घरच्यांनी मागे लागून न्या.

भाऊजी, त्या कॅमेऱ्याची काच साफ होती. तुम्ही मला खरं विचारलं होतं आणि मी मान ठेवत बसलो. माझं चुकलं.

तुम्हाला नमस्कार.

साडेसहाला मांडव-खुर्च्या न्यायला बिछायतवाल्याची गाडी येणार आहे. अंगणातल्या खुर्च्या पुसून एकात एक लावायला घेतो.